अरवी, सुरण, कोनफळ आणि देशाच्या ताटाचा हिशोब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटाटा सोडून उरलेल्या कंदांचा पुरवठा किती, तो कसा मोजतात आणि वाढत का नाही, याबद्दल नागपुरात आहारशास्त्र आणि शेतीचे विद्यार्थी, वसतिगृहं आणि खानावळी चालवणारे, आणि एकदोन एकरांत कंद लावू पाहणारे शेतकरी बहुतेक हेच प्रश्न विचारतात. उत्तरं सलग वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न काढून वाचा.

‘इतर कंदमुळे’ या रकान्यात नेमकं काय धरतात?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या (एफएओ) अन्न ताळेबंदात पिष्टमय कंदांचे पाच रकाने आहेत : बटाटा, कसावा, रताळी, याम आणि ‘इतर’. या शेवटच्या रकान्यात अरवी (टॅरो), तिची अमेरिकन भावंडं यौटिया, आरारूट, मिश्रीकंद, जेरुसलेम आर्टिचोक अशी सगळी किरकोळ मंडळी येतात. किरकोळ म्हणजे जगाच्या बेरजेत किरकोळ. पॅसिफिकमधल्या कित्येक बेटांवर अरवी हे एक मुख्य अन्न आहे.

गाजर, मुळा, बीट, सलगम जमिनीखाली वाढत असले तरी हिशोबात भाज्यांत जातात, कारण त्यांत पिष्ट कमी आणि पाणी जास्त. आलं-हळद मसाल्यात. शिंगाडा तर कंदच नाही, पाण्यात वाढणाऱ्या वेलीचं फळ आहे. घरोघरच्या खर्चाची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही तो फळांच्या यादीत होता.

सुरण ‘याम’मध्ये टाकायचा की ‘इतर’मध्ये?

‘इतर’मध्ये. इंग्रजी नावात ‘याम’ असल्यामुळे ही चूक फार होते. याम म्हणजे डायोस्कोरिया, म्हणजे वेलीवरचे कंद : कोनफळ, गराडू, कणगर. सुरण अळूच्या कुळातला आहे, अरवीचा नातेवाईक.

नागपूरच्या बाजारात आणखी एक घोळ होतो. मराठीतलं ‘रताळं’ म्हणजे शकरकंद, पण हिंदीत ‘रतालू’ म्हणजे कोनफळ. भाजीबाजारात दोन्ही भाषा एकाच गाळ्यावर चालतात, त्यामुळे नोंद घेताना नावावर विसंबू नका, कंद हातात घेऊन पाहा. अरवीचंही तसंच. कुणी घुई म्हणेल, कुणी कोचई, कुणी अरबी. तीन नावांच्या तीन ओळी लिहिल्या की बेरीज बिघडली म्हणून समजा.

पुरवठ्याचा आकडा निघतो कसा?

उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातली वाढ वजा (घट असेल तर मिळवून) करायची. हा झाला देशांतर्गत पुरवठा. त्यातून जनावरांचं खाद्य, बेणं, प्रक्रियेला गेलेला माल, शेतापासून दुकानापर्यंतची नासाडी आणि अन्नाव्यतिरिक्तचा वापर काढला की उरतो तो खाण्यासाठीचा पुरवठा. त्याला लोकसंख्येने भागलं की दरडोई दरवर्षी किलो, आणि पोषणमूल्याचा गुणक लावला की दरडोई दररोज किलोकॅलरी.

समजण्यापुरतं एक कल्पित उदाहरण घ्या. एका पिकाचं उत्पादन १०० टन, निर्यात ५ टन, आयात आणि साठ्यातला बदल शून्य. पुरवठा ९५ टन. बेण्याला १६ टन आणि नासाडीत १४ टन गेले, तर ताटाकडे ६५ टन निघाले. अशा हिशोबात कधीकधी उत्पादनाचा आकडाच ‘लोक इतकं खातात’ म्हणून छापला जातो, आणि इथे तो दीडपटीहून जास्त फुगलेला असतो.

आयात-निर्यातीसाठी कस्टमचं शीर्षक ०७१४ बघा : १० कसावा, २० रताळी, ३० याम, ४० अरवी, ५० यौटिया, ९० बाकीचे. अरवी, याम आणि यौटियाचे हे वेगळे उपविभाग २०१२ च्या सुधारणेत आले. त्याआधी ते सगळे ९० मध्ये एकत्र होते. म्हणून २०१२ च्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून ‘अरवीचा व्यापार अचानक सुरू झाला’ असा निष्कर्ष काढू नका.

दरडोई एक किलो म्हणजे नागपूरला किती माल?

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. तीच धरली तर माणशी वर्षाला एक किलो म्हणजे सुमारे २,४०५ टन. दिवसाला साडेसहा टनांच्या आसपास, म्हणजे दीड टनी पिकअपच्या चार-साडेचार खेपा रोज, बाराही महिने. ताटात मात्र हाच एक किलो दिवसाला २.७ ग्रॅम होतो, आणि अरवी असेल तर त्यातून जेमतेम अडीच किलोकॅलरी मिळतात.

दोन्ही आकडे खरे आहेत. राष्ट्रीय आहारात नगण्य वाटणारं पीक शहराच्या बाजारात मात्र ठळक दिसतं, आणि ते पिकवणाऱ्या घरासाठी तर वर्षाची कमाई असते. ‘दरडोई पुरवठा नगण्य’ एवढं म्हणून या पिकांवरचं संशोधन आणि बेणेपुरवठा मागे ठेवणं आम्हाला मुळीच पटत नाही.

पुरवठा आणि प्रत्यक्ष खाणं एकच का?

नाही. ताळेबंद दुकानापर्यंत येऊन थांबतो. घरात सडलेली अरवी, जाड सोललेलं सुरण, लग्नाच्या पंगतीत टाकून दिलेली भाजी हे सगळं ‘पुरवठा’ म्हणूनच मोजलेलं असतं. शिवाय तो सरासरीचा आकडा आहे. गडचिरोलीतलं एखादं गाव आणि नागपूरच्या धरमपेठेतलं घर यांत फरक किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी घरोघरचं आहार सर्वेक्षण लागतं, आणि त्याच्या अडचणी वेगळ्या.

मग आपल्या सर्वेक्षणांत ही पिकं दिसत का नाहीत?

कारणं तीन आहेत.

पहिलं, यादीच आखूड आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या ६८ व्या फेरीत बटाटा, कांदा, मुळा, गाजर यांना स्वतंत्र ओळी होत्या. अरवी आणि सुरण गेले ‘इतर भाज्या’त. एकदा त्या ओळीत गेलेला माल नंतर कोणत्याही गणिताने वेगळा काढता येत नाही.

दुसरं, विचारण्याची मुदत. भाज्यांसाठी मागच्या सात दिवसांची आठवण विचारतात, ती रोजच्या बटाट्याला पुरते. सुरण नागपुरातल्या कित्येक हिंदी भाषक घरांत दिवाळीला हमखास शिजतं आणि एरवी क्वचित, तर रताळी आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला. सर्वेक्षण करणारा त्या आठवड्यात आला नाही तर घराचा आकडा शून्य, आणि आला तर भरमसाट.

तिसरं, मालाचा मोठा भाग बाजारात येतच नाही. परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला धोपा (अळू), बांधावरचं कोनफळ, जंगलातून आणलेले कंद यांचा हर्रास होत नाही. ज्याची पावती नाही, त्याची नोंदही नाही.

यात एक सरकारी पद्धत समजून घ्यायला हवी. धान्य आणि कडधान्यांची दरडोई नक्त उपलब्धता काढताना भारतात उत्पादनाचा १२.५ टक्के वाटा बेणं, खाद्य आणि नासाडीपोटी सरसकट वजा करतात. गव्हा-तांदळाला हे चालतं, कंदांना चालत नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

सुरणाला भाव चांगला मिळतो, मग लोक ते लावत का नाहीत?

बेण्यामुळे. सुरणाचं सगळं अर्थकारण बेण्याभोवती फिरतं.

शिफारशीप्रमाणे ९० × ९० सेंटीमीटरवर अर्ध्या किलोचा तुकडा लावायचा. एकरी सुमारे ५,००० झाडं बसतात, म्हणजे जवळपास अडीच टन बेणं. एकरी १४ टन माल निघाला तर त्यातले जवळपास अठरा टक्के पुढच्या वर्षीच्या बेण्यालाच ठेवावे लागतात. पीक ८ टनांवर आलं तर हाच वाटा ३१ टक्क्यांवर जातो. १२.५ टक्क्यांचा सरसकट नियम इथे कोलमडतो तो असा. आणि पहिल्यांदा लावणाऱ्याला अडीच टन बेणं रोख पैसे देऊन घ्यावं लागतं, तेही आठ-नऊ महिन्यांनी हाती येणाऱ्या पिकासाठी.

यावर उपाय आहे. तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने लहान तुकड्यांची पद्धत बसवली : शंभर ग्रॅमचे तुकडे, ६० × ४५ सेंटीमीटर अंतर. एक किलो बेण्यातून दोनाऐवजी दहा झाडं होतात. निघणारे गड्डे लहान असतात, पण ते बाजारासाठी नसून पुढच्या वर्षी अखंड लावायचं बेणं असतं. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवर फक्त बेणं तयार करा आणि दुसऱ्या वर्षी क्षेत्र वाढवा. थेट एकरावर उडी घेणारे बहुधा पहिल्याच वर्षी अडकतात.

बेणं कापताना आणि लावताना काय चुकतं?

सुरणाचा कोंब वरच्या खळग्यात मधोमध असतो. कलिंगडाच्या फोडींसारखे उभे तुकडे करा, म्हणजे प्रत्येकाला त्या मधल्या कड्याचा थोडा भाग मिळतो. आडवे कापले तर खालचे तुकडे उगवायला फार वेळ लावतात किंवा जागीच कुजतात. कापलेले तुकडे शेणकाल्यात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी (किलो बेण्याला ५ ग्रॅम) मिसळून बुडवा आणि सावलीत सुकवा. ओल्या कापावर माती लागली की सड सुरू होते.

नुकता काढलेला गड्डा लगेच लावू नका. सुरणाची सुप्तावस्था साधारण दीड ते दोन महिन्यांची असते, तोवर कोंब हलत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात काढलेलं बेणं फेब्रुवारी-मार्चला तयार होतं. ओलिताची सोय असेल तर तेव्हाच लावून वर गवत-पाल्याचं जाड आच्छादन द्या. पावसाची वाट पाहत जूनपर्यंत ठेवलं तर नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना बेण्यालाच सोसावा लागतो.

काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की बुंध्याशी कुज लागते. स्क्लेरोशियम बुरशीची ती कॉलर रॉट. बुंध्याजवळ पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात, मग झाड लोळतं. निचरा नसलेल्या वावरात सुरण लावूच नये.

‘गजेंद्र’ हे वाण आंध्रातल्या कोव्वूर केंद्राचं आहे. खाज कमी, गर चांगला शिजणारा. खानावळीसाठी पिकवायचं असेल तर हेच घ्या.

अरवीचं पीक पावसाळ्यात एकाएकी का बसतं?

करपा. फायटोफ्थोरा कोलोकेसिई ही बुरशी सलग झडीत, रात्री गार आणि ढगाळ हवेत पसरते. पानावर पाणी भिनल्यासारखे गोल डाग येतात, ते वाढत जातात, कडेला पिवळसर थेंब सुटतात आणि आठवडाभरात पान लोंबतं. पान गेलं की कंद पोसत नाही.

हीच बुरशी १९९३ मध्ये समोआत पोचली. तिथे अरवी रोजचं अन्न होतं आणि निर्यातीचं मोठं पीकही, शिवाय बहुतेक लागवड एकाच आवडत्या वाणाची होती. निर्यात कोसळली आणि लोकांना दुसऱ्या कंदांकडे, केळ्यांकडे आणि आयात अन्नाकडे वळावं लागलं. नंतर वेगवेगळ्या देशांतून आणलेल्या वाणांशी संकर करूनच तिथली अरवी पुन्हा उभी राहिली. वाणांची विविधता सांभाळणं म्हणजे पुरवठा सांभाळणं, आणि यासाठी परसातले जुने धोपे उपटून टाकू नयेत.

आपल्याकडे करायचं काय? २५ ते ३५ ग्रॅमचे निरोगी उपकंद बेण्याला निवडा (हेक्टरी साधारण ८०० ते १,२०० किलो), ६० × ४५ सेंटीमीटरवर लावा. ओलीत असेल तर पावसाळ्याआधी लवकर लावा, म्हणजे झडी लागेपर्यंत झाड मोठं झालेलं असतं. खालची डागाळलेली पानं काढून वावराबाहेर न्या. पीक सहा-सात महिन्यांत, पानं पिवळी पडली की काढणीला येतं.

काळ्या मातीत रताळी येतात का?

सरीवर येतात, सपाटीवर नाही. भारी जमीन सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगांतून रताळ्याचा सोंड्या भुंगा थेट कंदापर्यंत उतरतो. कंद बाहेरून ठीक दिसतो, आत बोगदे आणि कडवट वास. तो भाग कापून टाकला तरी कडूपणा उरतो, जनावरालाही घालू नका. वेलाचे २० ते ३० सेंटीमीटरचे शेंडे ६० × २० सेंटीमीटरवर लावा, पहिल्या आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मातीची भर द्या, भेग दिसली की बुजवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण अश्विनी’ साडेतीन महिन्यांत येतं. बेणं म्हणून वेल वापरला जात असल्याने रताळ्याच्या ताळेबंदात बेण्याची वजावट जवळपास नसतेच.

बटाट्यासारखे हे कंद शीतगृहात ठेवता येत नाहीत का?

नाही, आणि वर्षभर पुरवठा न टिकण्याचं हेच मोठं कारण आहे. बटाटा २ ते ४ अंशांवर राहतो. रताळं १२ अंशांच्या खाली गेलं की थंडी बाधते, मधला गाभा शिजवूनही कडक राहतो आणि बाहेर काढल्यावर भराभर सडतं. त्याला १३ ते १५ अंश हवेत. घरच्या फ्रीजमध्येही ठेवू नका. सुरण आणि कोनफळही उष्ण प्रदेशातले असल्याने बटाट्याच्या खोलीत टिकत नाहीत.

साध्या जागेत ठेवायचं तर सुरण काढल्यावर माती झटका (धुऊ नका), पाच-सात दिवस सावलीत वाळवा आणि हवेशीर खोलीत कोरड्या तणसावर एकेरी थर लावा. ढीग घातला की मधले गड्डे गरम होऊन कुजतात. फावड्याचा घाव लागलेला माल वेगळा काढून आधी विका. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गड्डा दाबून बघा. अरवी मातीसकट जास्त टिकते. धुऊन चकचकीत केलेली अरवी दुकानात छान दिसते, पण आठवडाभरात बुरसते. उन्हाळा लागला की तिला कोंब येतात आणि वजन उतरतं.

साबुदाणा कोणत्या रकान्यात?

कसाव्याच्या. भारतातला साबुदाणा कसाव्याच्या पिष्टाचा असतो, मोठा उद्योग तमिळनाडूत सेलम भागात आहे. ताळेबंदात तो मूळ कंदाच्या वजनात बदलून मोजतात : एक किलो साबुदाण्यासाठी साधारण चार-पाच किलो ताजा कसावा. म्हणजे एकादशीची खिचडी खाणारं नागपुरी घर कसावा भरपूर खातं, फक्त त्याला तो कंद म्हणून दिसत नाही.

पोषणात या कंदांचा खरा वाटा काय?

मुख्यतः ऊर्जा. शंभर ग्रॅममागे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार सुरण ७९, अरवी ९७, रताळं १२० आणि कसावा १५७ किलोकॅलरी. प्रथिनं कमीच, म्हणून डाळीची जागा ते घेऊ शकत नाहीत. रताळ्यात गराचा रंग पाहा. पांढऱ्या गरात अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक जवळपास नसतो, केशरी गरात भरपूर असतो. ‘भू सोना’ हे केशरी वाण अंगणवाडीच्या आहारासाठी उत्तम.

याच संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २०० ग्रॅम कंदमुळं सुचवली होती, म्हणजे वर्षाला ७३ किलो. ती जागा आज बटाट्यानेच व्यापली आहे.

खाज कशामुळे, आणि ती जावी कशी?

अरवी-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते त्वचेत आणि घशात रुततात. कापताना हात आणि कंद दोन्ही कोरडे ठेवा, हाताला तेल लावा. आधी धुऊन मग सोललं की खाज वाढते. फोडी चिंचेच्या कोळात किंवा आमसुलाच्या पाण्यात पूर्ण मऊ होईस्तोवर उकळा आणि पाणी फेकून द्या. घाईत अर्धकच्चं राहिलेलं सुरण तळलं तरी घसा धरतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

जंगलातून आलेले कंद घ्यावेत का?

ओळखणारा माणूस आणि त्याची शिजवण्याची पद्धत दोन्ही सोबत असतील तरच. बैचांदीसारख्या रानकंदांत विषारी अल्कलॉइड असतं. पिढ्यान्‌पिढ्या ते खाणारे लोक पातळ काप करून दिवसेंदिवस वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच शिजवतात. एकदा उकळणं पुरत नाही. कडू लागलेला कोणताही रानकंद थुंकून टाका.

वसतिगृहात किंवा प्रकल्पासाठी आपणच मोजायचं तर?

बाजारातला कट्टा तोला, भरलेला आणि रिकामा. एका कट्ट्यातले दहा किलो पसरून माती आणि सडका माल वेगळा तोला. मग साल काढून पुन्हा तोला. खरेदीचं वजन, खाण्याजोगं वजन आणि ताटातून परत आलेलं वजन असे तीनच रकाने ठेवा, आणि कंदाचं नाव ठरवून एकच लिहा. ठोक भाव आणि चिल्लर भाव दोन्ही टिपा, कारण नासाडीचा भार त्या फरकात लपलेला असतो. नोंद एकाच महिन्याची नको : दिवाळीचा आठवडा, महाशिवरात्रीचा आठवडा, मेमधला एक आणि श्रावणातला एक, असे निदान चार आठवडे घ्या. सणाच्या आठवड्याचा आकडा बावन्नने गुणू नका. त्याला त्याचाच एक आठवडा द्या आणि उरलेले साध्या आठवड्यांच्या सरासरीने भरा.